अर्ध्या रिळांचा हिशेब

पुठ्ठ्याच्या बॉक्सकडे कुणी लक्ष देत नाही. फरसाण, औषधं, नळाच्या तोट्या, चपला, काहीही घ्या, ते कुठल्या तरी बॉक्समधून आलेलं असतं आणि आतला माल बाहेर निघाला की बॉक्स भंगारवाल्याचा. असे बॉक्स आम्ही रबाळ्याच्या एमआयडीसीत बनवतो. कारखाना सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी उभा केला. नवरा मशीन आणि गिऱ्हाईकं सांभाळतो, माझ्याकडे ऑफिस, कागदाची खरेदी आणि हिशेब. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने रोजचं जाणं-येणं. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे जे काही 'डिजिटल' झालं, त्याबद्दल ओळखीचे छोटे कारखानदार सारखे विचारतात. कुठलं सॉफ्टवेअर घेतलं, किती पडलं, फायदा झाला का? दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

आधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा कच्चा माल म्हणजे क्राफ्ट कागदाची रिळं. ती बहुतेक वापीच्या मिलमधून येतात. सिंगल फेसर नावाच्या मशीनवर दोन दातेरी, तापलेल्या रोलांमधून कागद गेला की त्याला नागमोडी घड्या पडतात आणि लगेच स्टार्चच्या खळीने तो सपाट कागदाला चिकटतो. वरून आणखी एक कागद चिकटवला की झाला तीन प्लाय. मग कापणं, छपाई, खाचा पाडणं, पिना मारणं, बंडल बांधणं. बॉक्सच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कागदाचा. मजुरी आणि वीज त्यानंतर. त्यामुळे या धंद्यात जो कागद वाचवतो तोच टिकतो, हे आप्पा पहिल्यापासून सांगत आलेत. पण वाचवायचा म्हणजे आधी तो आहे कुठे आणि किती, हे कळायला हवं ना!

ते आम्हाला कळत नव्हतं. आलेल्या रिळांची नोंद वहीत व्हायची, मिलचं बिल फायलीत जायचं. पण मशीनवर चढलेलं रीळ पूर्ण संपतंच असं नाही. ऑर्डर झाली की उरलेलं उतरवतात आणि दुसऱ्या मापाचं चढवतात. ही अर्धी, पाव रिळं मागच्या भिंतीला लागायची. कुठलं किती जीएसएमचं (चौरस मीटरला किती ग्रॅम), किती बीएफचं (म्हणजे कागद दाबाला किती टिकतो त्याचा आकडा), किती इंचाचं, हे सगळं फोरमनकाकांच्या डोक्यात. त्यांची स्मरणशक्ती अफाट. पण काका कोकणातले. गणपतीला गावी गेले की जायचेच, आणि आमच्याकडे दिवाळीच्या ऑर्डरींची गर्दी नेमकी तेव्हाच सुरू होते. काका नसले की मुलं सरळ नवीन रीळ फोडायची. मागे जाऊन शोधत कोण बसणार? पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा ओढून घेतो. भिंतीला टेकलेल्या रिळांच्या कडा फुगायच्या, फाटायच्या, आणि शेवटी वापीहून किलोच्या भावाने घेतलेला कागद रद्दीच्या भावाने निघून जायचा.

वापीच्या गाडीचीही अशीच गंमत. मिलला फोन केला की एकच उत्तर : "गाडी निघाली." ती निघालेली असायची किंवा नसायची. २०१८ मध्ये ई-वे बिल आलं तेव्हा आमच्या लाइनीतल्या सगळ्यांनी कपाळावर हात मारला होता. आणखी एक फॉर्म, आणखी एक ओटीपी. दुसऱ्या राज्यातून पन्नास हजारांवरचा माल हलवायचा तर ते लागतंच. पण मला त्याचा एक वेगळाच उपयोग सापडला. आपल्या जीएसटी नंबरवर कुणी ई-वे बिल काढलं की ते पोर्टलवर आपल्यालाही दिसतं, आणि त्याच्या दुसऱ्या भागात गाडीचा नंबर असतो. बिल निघालेलं नाही, म्हणजे गाडी फाटकाबाहेर पडलेली नाही. त्या दिवसापासून मी मिलला "गाडी निघाली का?" असं विचारणं सोडलं. "ई-वे बिल अजून दिसत नाही, कधी काढताय?" असं विचारते. पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प होतो आणि मग खरं सांगतो. करचोरी रोखायला आणलेल्या कागदाने मला खोटं पकडायला शिकवलं, हे सरकारच्या डोक्यातही आलं नसेल.

गाडी निघाल्यानंतरचा भाग मात्र कुठल्याही पोर्टलच्या हातात नाही. २०० किलोमीटरपर्यंत ई-वे बिलाला एक दिवसाची मुदत असते आणि वापी-रबाळे त्यात आरामात बसतं. कागदावर. प्रत्यक्षात गायमुखच्या घाटात ट्रेलर बंद पडला की घोडबंदर रस्ता संपला. त्यात ठाण्यात अवजड गाड्यांना ठरावीक वेळीच सोडतात. आता ड्रायव्हर व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवतो आणि मी नकाशावर ती निळी टिकली बघत बसते. गाडी काही त्याने लवकर येत नाही. पण ती संध्याकाळी येणार की रात्री, हे दुपारीच कळतं. मग माथाडी टोळीला उगाच थांबवून ठेवावं लागत नाही आणि मशीनवर दुसरं काम लावता येतं. घोडबंदर अगदीच तुंबलं असेल तर ड्रायव्हरला चिंचोटीहूनच कामण-भिवंडीकडे वळ म्हणून सांगता येतं. तोही रस्ता काही फार सुखाचा नाही, ते सोडा.

सॉफ्टवेअरकडे वळलो ते कागद महागल्यावर. २०२१च्या सुरुवातीला चीनने बाहेरून येणारी रद्दी पूर्ण बंद केली. मग तिथल्या कारखान्यांना तयार लगदा आणि कागद हवा झाला, आणि आपल्याकडच्या मिल तिकडे माल पाठवू लागल्या. इथे क्राफ्टचे भाव असे चढले की सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी तोट्याचं ठरायचं. रद्दीत जाणारा एकेक किलो तेव्हा डोळ्यांत खुपायला लागला.

लॅपटॉप घेऊन बरेच जण आले. ईआरपी, म्हणजे सगळ्या कारखान्याचं एकच सॉफ्टवेअर, डॅशबोर्ड, रंगीत चार्ट. चार्ट बघून कागद कमी लागत नाही, हे आप्पांनी पहिल्याच माणसाला तोंडावर सांगितलं. ही लॅपटॉपवाली मंडळी ज्याला 'स्टॉक' म्हणत होती, त्यात अर्धं रीळ ही गोष्टच नव्हती. रीळ आलं, रीळ संपलं, एवढंच. शेवटी ठाण्यातल्याच एका तरुण मुलाकडून छोटं काम करून घेतलं. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडलेला रिळांचा एक वेगळा कप्पा, एक लेबल प्रिंटर आणि जमिनीवरचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. काट्याची वायर थेट कॉम्प्युटरला. वजन कुणी टाइप करायचं नाही, या एका गोष्टीवर मी अडून बसले होते. हाताने टाकलेला आकडा नेहमी गोल असतो, ३०० किंवा ३५०. खरं वजन कधीच गोल नसतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी सगळं मागचं गोदाम रिकामं करून प्रत्येक अर्धं रीळ काट्यावर घेतलं. हे काम सांगायला सोपं वाटतं. धूळ, कोळिष्टकं, उंदरांनी कुरतडलेल्या कडा, आणि काही रिळांवर तर मिलचं नावही उरलेलं नव्हतं. त्यांचा कागद फाडून, हातात चुरगळून काका जीएसएम सांगत होते आणि मी लिहीत होते. खात्री म्हणून तुकडे कापून छोट्या काट्यावर टाकले, तर काका जवळजवळ बरोबर! संध्याकाळी सगळी बेरीज झाल्यावर आप्पा खुर्चीत बसून एवढंच म्हणाले, "म्हणजे एक गाडी कागद आपल्याच घरात लपला होता."

लेबलांचं प्रकरण त्याहून लांबलं. पहिली लेबलं साध्या थर्मल कागदाची होती. दुकानातल्या बिलाला असतो तोच कागद, उष्णतेने काळा पडणारा. सिंगल फेसरजवळ ठेवलेल्या रिळांवरची लेबलं लवकरच काळी ठिक्कर झाली. मग रिबन लावून छापणारा प्रिंटर आणला. आता अक्षर टिकायला लागलं, पण लेबलच टिकेना. रीळ बाहेरून सुटत जातं, त्यामुळे बाहेरच्या थरावर चिकटवलेलं लेबल पहिल्या फेऱ्यातच कागदाबरोबर निघून जातं. सॉफ्टवेअरवाल्या मुलाने कडेला चिकटवायचं सुचवलं. रीळ बारीक झालं की कडही जाते. आम्ही दोघेही बराच वेळ रिळाभोवती फिरत होतो.

"वहिनी, जनावराच्या गळ्यात बांधतात तसं बांधा ना," काका म्हणाले.

तेच केलं. प्लास्टिकचा टॅग, त्यावर क्यूआर, आणि कोअरच्या, म्हणजे रिळाच्या मधल्या नळीच्या, पोकळीतून ओवलेली सुतळी. रीळ मशीनवर चढलं की टॅग सोडून मशीनशेजारच्या फळीवरच्या खिळ्याला लटकवायचा. रीळ उतरलं की पुन्हा काटा, पुन्हा स्कॅन आणि टॅग परत सुतळीला. खळीने बरबटलेल्या हातांना मोबाइलचा स्क्रीन दाद देत नाही, म्हणून स्कॅन करायचं काम हेल्परकडे दिलं. जुना फोन, पातळ पिशवीत गुंडाळलेला. एक फायदा आम्ही ठरवलाच नव्हता. फळीवर किती टॅग लटकलेत ते बघितलं की कुठल्या मशीनवर काय चाललंय ते ऑफिसच्या काचेतूनच कळतं. बिघडला तर खिळा बदलायचा, बस. ऑपरेटर उत्तर भारतातले, त्यांना इंग्रजी स्क्रीन नको होता. बीएफप्रमाणे टॅगांना रंग दिले. १८ला पिवळा, २०ला हिरवा, असं. आता कोणी वाचत बसत नाही, रंगच बघतात.

फायदा नेमका कुठे झाला, ते एका मापावर दाखवते. समजा गिऱ्हाइकाला १२ बाय १० बाय ८ इंचाचा बॉक्स हवाय. तो उलगडला तर शीटची लांबी होते लांबी-रुंदीच्या बेरजेच्या दुप्पट, ४४ इंच, वर जोडाची पट्टी दीडेक इंच. शीटची रुंदी म्हणजे बॉक्सची रुंदी अधिक उंची, १८ इंच. रिळावर अशा दोन शीट शेजारी बसवल्या की ३६ इंच. मग ३७ इंची रीळ लावायचं, कडेचा एक इंच कापून जातो. ३७ इंची सापडलं नाही म्हणून घाईत ४० इंची चढवलं तर चार इंच जातात, म्हणजे कागदाचा दहावा हिस्सा. पूर्वी हे होत होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं, कारण ३७ इंची अर्धं रीळ दोन थप्प्यांच्या मागे आहे हे फक्त काकांना माहीत, आणि काका त्या वेळी छपाईवर. आता सकाळी ऑर्डर टाकली की त्या मापाला बसणारी रिळं यादीत येतात, अर्धी आधी आणि त्यातही जुनी आधी. एका ऑर्डरला पूर्ण बसत नसेल तर दोन वेगळ्या मापांच्या शीट एकाच रिळावर शेजारी शेजारी बसतात का, हेही ते सुचवतं. तिथे मात्र काकांचं डोकं अजून सॉफ्टवेअरच्या पुढे आहे, कारण कोणतं गिऱ्हाईक दोन दिवस थांबू शकतं हे सॉफ्टवेअरला ठाऊक नाही. रद्दीवाल्याने फरक आमच्याआधी ओळखला. "मॅडम, माल कमी निघतो आजकाल," अशी त्याची तक्रार!

इथपर्यंतचं सगळं आमच्या भिंतींच्या आत होतं. भिंतीबाहेरचं काम खरं अवघड निघालं, आणि त्याला जवळजवळ पैसेच लागले नाहीत.

ठाण्यातलं एक फरसाणवालं गिऱ्हाईक आहे. जुनं, चांगलं, पण ऑर्डरीची पद्धत अशी की दुपारी फोन यायचा, "उद्या सकाळी बॉक्स पाहिजेत, माल पॅक करायचा खोळंबलाय." तातडीच्या कामात आम्ही जे हाताला लागेल ते रीळ लावणार, म्हणजे पुन्हा ते चार इंच. मी त्यांना सांगितलं, तुमच्याकडे किती बॉक्स शिल्लक आहेत एवढंच दर शनिवारी एका शीटमध्ये टाका, मी उघडून बघेन. साधी गुगल शीट. मालक लगेच तयार झाले. पण आकडे येत होते ते खरे नव्हते. शिल्लक नेहमी कमी दाखवलेली. खोदून विचारल्यावर कळलं की स्टोअरमधला माणूस दोन थप्प्या बाजूला राखून ठेवतो, कारण बॉक्स संपले तर ओरडा त्यालाच खावा लागतो आणि उरले तर कुणी काही म्हणत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मालकांशी बोलून ठरवलं, तो राखीव साठा अधिकृतच करू, पण आमच्या गोदामात ठेवू आणि एका फोनवर देऊ. तेव्हापासून आकडे बऱ्यापैकी खरे येतात. साखळीतल्या प्रत्येक कडीला थोडा माल लपवून ठेवायचा असतो, आणि त्यामागे प्रत्येकाचं आपापलं भय असतं. ते भय न काढता नुसती शीट उघडून दिली तर तिच्यात खोटंच भरलं जातं.

आणि हे एकतर्फी नाही हेही सांगते. तेच गिऱ्हाईक एकदा म्हणालं, "मग तुमच्याकडचा कागदाचा साठाही दाखवा की." नवऱ्याने विषय बदलला. साठा दिसला की भाव कधी पाडायचा तेही दिसतं. आम्ही तयार बॉक्सचा राखीव साठा दाखवतो, कागदाचा नाही.

पैशांच्या बाबतीत तंत्रज्ञानाने काय केलं, याचं उत्तर अर्धवटच आहे. यूपीआयने छोट्या गिऱ्हाइकांची उधारी मोडली, हे नक्की. पाचशे बॉक्स नेणारा आता टेम्पो भरताना क्यूआर स्कॅन करतो. मोठ्यांचं तसं नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६चा. त्याला आयकराचे दात २०२३च्या अर्थसंकल्पात आले. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च, पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी वजा मिळणार. आमचं एक गिऱ्हाईक यावर काय म्हणालं? "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करता येईल का?" म्हणजे लघु उद्योग म्हणून असलेली आमची नोंदणीच काढून टाका. आम्ही नाही म्हटलं. ऑर्डर काही महिने आटली, मग हळूहळू परत आली.

ट्रेड्स हे ऐकायला किचकट वाटलं तरी आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकामुळे वापरलं आणि जमलं. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणारे हे ऑनलाइन मंच आहेत. आपण बिल चढवायचं, गिऱ्हाइकाने ते मान्य करायचं, मग बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात. बोली मान्य केली की व्याज कापून पैसे दोन-तीन दिवसांत खात्यात. पुढे गिऱ्हाइकाने बँकेला पैसे उशिरा दिले तर ती डोकेदुखी आपली नाही. तारण लागत नाही आणि दर गिऱ्हाइकाची पत बघून ठरतो, आपली नाही. अडचण एकच, गिऱ्हाईक तिथे असायला हवं आणि त्याने बिल मान्य करायला हवं. "मान्य करा" हे बटण दाबायला लावण्यासाठी मला अजूनही फोनच करावे लागतात.

जीएसटीचं सॉफ्टवेअर कितीही शहाणं केलं तरी दरांपुढे काही चालत नाही. जुलै २०२४ मध्ये बॉक्सवरचा कर १८ वरून १२ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. गिऱ्हाईक खूश. पण त्याच दिवसापासून आमचा क्राफ्ट कागद १२ वरून १८वर गेला. कागद घेताना १८ भरायचे, बॉक्स विकताना ५ घ्यायचे. मधला फरक क्रेडिट म्हणून पोर्टलवर साचतो आणि परताव्याचा अर्ज करून तो सोडवावा लागतो. तेवढं खेळतं भांडवल अडकलेलं. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, उघडून मिलने बिलं चढवली की नाही ते बघणं आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय, कारण त्यांचं एक बिल राहिलं की आमचे १८ टक्के हवेत.

कुणी नव्याने करणार असेल तर माझं मत एवढंच. पहिला खर्च वजनकाट्यावर करा. सॉफ्टवेअर नंतरही मिळतं, आणि स्वस्तातलंही चालतं. सेन्सर बसवून प्रत्येक मशीनचा वेग मोबाइलवर दाखवणारा एक विक्रेता सध्या आमच्या मागे आहे. त्याला मी अजून थांबवून ठेवलंय, कारण मशीन कशासाठी थांबली हे तो सेन्सर सांगत नाही आणि आमच्याकडे ती बहुतेक वेळा छपाईच्या ब्लॉकसाठी थांबते. प्रत्येक गिऱ्हाइकाचा रबरी ब्लॉक वेगळा, सगळे एका लाकडी रॅकमध्ये उभे, आणि कुठला कुठे आहे हे पुन्हा काकांच्याच डोक्यात. त्या रॅकला नंबर टाकायचं काम या दिवाळीनंतर काढायचंय. टॅग कसा बांधायचा ते या वेळी कुणीही सुचवायचं नाही, असं काकांनी आधीच बजावून ठेवलंय.